माणूस कुठं आहे, असं विचारण्याचा हक्क

२०२५च्या नोव्हेंबरात मतदार यादीच्या विशेष फेरतपासणीचे अर्ज घरोघरी वाटले जात होते, तेव्हाची गोष्ट. वारासिवनीला मावशीकडे गेलो होतो. तिनं पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढून काढली आणि सगळे कागद माझ्यापुढं पसरले. आमगावच्या शाळेचा दाखला, लग्नाची पत्रिका, पिवळं पडलेलं रेशनकार्ड, जुनी कर्जमाफीची पावती, आधार. आमगाव गोंदिया जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात. लग्न होऊन ती पन्नास वर्षांपूर्वी नदीपल्याड इकडं आली. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं आडनाव ‘राहांगडाले’, इकडच्या हिंदी कागदावर ‘रहंगडाले’, आणि एका ठिकाणी कुणीतरी ‘राहंगडाळे’ करून ठेवलेलं. ती बोट ठेवून एकेक दाखवत होती. मग हळूच म्हणाली, “बाळा, हे जुळलं नाही तर मला कुठं नेऊन ठेवतील का रे?”

मी हसण्यावारी नेलं नाही. तिच्या फोनवर कुणीतरी पाठवलेला छावणीचा व्हिडिओ होता, उंच भिंत आणि मनोऱ्यावर दिवे. तो कुठला, कधीचा, हे तिला ठाऊक नव्हतं. पण भीती खरी होती, आणि खऱ्या भीतीला खरं उत्तर द्यायला हवं.

आधी सोपा भाग. मतदार यादीतून नाव जाणं ही एक गोष्ट आणि नागरिकत्व जाणं ही वेगळी. यादीतून नाव गेलं तर हरकत घेता येते, पुन्हा अर्ज करता येतो, त्यावर अपील करता येतं. त्यासाठी कुणाला उचलून छावणीत ठेवण्याचा कोणताही अधिकार यादी करणाऱ्यांना नाही. बालाघाट जिल्ह्यात आणि पलीकडच्या गोंदियात रोटीबेटीचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. इथल्या हजारो सुनांचे जन्मदाखले एका राज्यात आणि मतदान दुसऱ्या राज्यात आहे. आडनावं मराठीतून हिंदीत जाताना वळण बदलतात, यात कुणाचा गुन्हा नाही. एवढं मी मावशीला सांगितलं. तिला बरं वाटलं.

पण तिचा प्रश्न तेवढाच नव्हता. सरकार माणसाला खटला न चालवता, गुन्हा न सांगता डांबून ठेवू शकतं का? ठेवलं तर त्याला सोडवायचं कुणी? या प्रश्नाचं उत्तर शोधायला आसाम किंवा अमेरिका गाठायची गरज नाही. ते बालाघाटच्या आजूबाजूलाच, शंभर-दोनशे किलोमीटरच्या टापूत, चार-पाच ठिकाणी पडलेलं आहे.

शिवनीपासून सुरुवात करू. मराठी लोक शिवनी म्हणतात, हिंदीत सिवनी. १९३२च्या जानेवारीत सुभाषचंद्र बोस मुंबईहून रेल्वेनं निघाले होते. कल्याणला त्यांना गाडीतून उतरवून अटक केली आणि शिवनीच्या तुरुंगात आणून ठेवलं. त्यांचे बंधू शरदचंद्र बोस हेही तिथंच आले. पुढं दोघांना जबलपूरला हलवलं. त्यांच्यावर कोणता खटला होता? कोणताच नाही. १८१८चा ‘बंगाल रेग्युलेशन तीन’ नावाचा कायदा होता, पेशवाई बुडाली त्याच वर्षाचा. सरकारला राज्याच्या सुरक्षेसाठी एखाद्याला आवरून ठेवावंसं वाटलं तर त्यात आरोप, पुरावा, न्यायाधीश यांपैकी कशाचीच गरज नव्हती. शंभरावर वर्षं हा कागद जिवंत राहिला. आजारपणामुळं १९३३च्या फेब्रुवारीत बोसांना युरोपला जाऊ दिलं, तेव्हाच ते त्यातून सुटले. याच शिवनी तुरुंगात १९४४मध्ये विनोबा भाव्यांनी गीतेतल्या स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर मराठीत व्याख्यानं दिली. त्या व्याख्यानांचं ‘स्थितप्रज्ञ-दर्शन’ हे पुस्तक झालं. आपल्याकडं ते पुस्तक अनेक घरांत आहे. ते बोललं गेलं ती जागा आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला तुरुंग होता, हे मात्र फारसं कुणाच्या ध्यानात नसतं.

ज्याला गुन्ह्यासाठी शिक्षा झाली तो कैदी. ज्यानं पुढं काही करू नये म्हणून आधीच डांबला तो स्थानबद्ध. कैद्याच्या बाबतीत सरकारला सिद्ध करावं लागतं की यानं हे केलं. स्थानबद्धाच्या बाबतीत अधिकाऱ्याला एवढंच म्हणावं लागतं की हा काही करील असं मला वाटतं. ‘वाटतं’ या शब्दावर माणसाचं वर्षभराचं आयुष्य टांगलेलं असतं. म्हणून त्या ‘वाटण्या’ला प्रश्न विचारणारा कुणीतरी हवा. तो प्रश्न विचारण्याच्या अर्जाला कायद्यात हेबियस कॉर्पस म्हणतात. अर्थ सरळ आहे: ज्याला धरलंय त्याला न्यायालयापुढं हजर करा आणि कोणत्या अधिकारानं धरलंय ते सांगा. हा अर्ज डांबलेल्या माणसानंच करावा असंही नाही. बायको, भाऊ, मित्र, कुणीही करू शकतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बालाघाट मध्यप्रांत व वऱ्हाडात होतं आणि आपलं उच्च न्यायालय नागपूरला होतं. भारत संरक्षण नियमांखाली माणसं धरली जात होती. तेव्हा प्रभाकर केशव तारे यांच्या प्रकरणात नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिलं की या हक्काचं मोल हिंदुस्थानात इंग्लंडपेक्षा तसूभरही कमी नाही, आणि न्यायालयं त्याची डोळ्यांत तेल घालून राखण करतात. परक्यांचं राज्य आणि त्यात चालू महायुद्ध, अशा वेळी हे लिहिलेलं आहे. १९४३च्या एप्रिलमध्ये फेडरल न्यायालयानं तर केशव तळपदे यांच्या प्रकरणात स्थानबद्धतेचा नियम २६ हाच बेकायदा ठरवला. सरकारनं काही दिवसांतच वटहुकूम काढून ती फट बुजवली. पण विचारण्याची वाट निदान उघडी होती.

ती बंद झाली स्वतंत्र भारतात, आणि ज्या निकालानं बंद झाली त्याच्या माथ्यावर आपल्याच विभागाच्या शहराचं नाव आहे.

१ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेररचना झाली. बालाघाट नव्या मध्य प्रदेशात गेलं आणि आपलं उच्च न्यायालय जबलपूरला झालं. जुनी माणसं सांगतात, कोर्टाची तारीख असली की गोंदिया-बालाघाट-नैनपूर-जबलपूर या छोट्या लाईननं जायचं. आठ-दहा तास गाडी जंगलातून डुलत जाई, गुडघ्यावर फाइल, कापडात बांधलेल्या भाकरी. ती छोटी लाईन बालाघाट-जबलपूर टप्प्यात २०१५पर्यंत चालली. त्याच जबलपुरात, आणीबाणीच्या सुरुवातीला, शिवकांत शुक्ल या वकिलांना मिसा म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली धरलं गेलं.

२५ जून १९७५च्या रात्री आणीबाणी लागली. २७ जूनला राष्ट्रपतींचा आदेश निघाला: समानता, जीवित व स्वातंत्र्य, आणि अटकेबाबतचं संरक्षण हे मूलभूत हक्क बजावून घेण्यासाठी न्यायालयात जाता येणार नाही. दोन दिवसांत मिसात बदल करून, का धरलं हे स्थानबद्धाला सांगण्याचीही गरज उरली नाही. तरीसुद्धा देशातल्या अनेक उच्च न्यायालयांनी अर्ज ऐकले. जबलपूरनं ऐकला, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानंही ऐकला. त्यांनी म्हटलं, हक्क निलंबित असला तरी आदेश कायद्याला धरून आहे की नाही एवढं तर आम्ही पाहूच. मला या न्यायाधीशांबद्दल फार आदर वाटतो. त्या दिवसांत बदली ही खरी धमकी होती आणि कितीतरी न्यायाधीशांच्या बदल्या झाल्याही.

सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. ‘अतिरिक्त जिल्हादंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’. स्थानबद्धांच्या बाजूनं उभ्या राहिलेल्यांत सासवडचे वि. म. तारकुंडे होते. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारलं: समजा एखाद्या पोलिसानं वैयक्तिक वैरातून कुणाला ठार मारलं, तर तुमच्या म्हणण्यानुसार त्यावर काही इलाज आहे का? डे यांचं उत्तर होतं, आणीबाणी असेपर्यंत नाही.

२८ एप्रिल १९७६ला निकाल लागला. पाचपैकी चार न्यायमूर्तींनी, सरन्यायाधीश रे, बेग, भगवती आणि आपले पुण्याचे यशवंत चंद्रचूड यांनी, सरकारच्या बाजूनं कौल दिला. बेग यांनी तर स्थानबद्धांची खाण्यापिण्याची, राहण्याची सरकार घेत असलेली काळजी जवळपास मातेसारखी आहे अशा अर्थाचं लिहिलं. एकटे खन्ना वेगळे राहिले. जगण्याचा हक्क संविधानानं दिलेली भेट नाही, संविधान नसतं तरी कायद्याच्या राज्यात कुणालाही वाऱ्यावर सोडता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या जानेवारीत ज्येष्ठता डावलून बेग यांना सरन्यायाधीश केलं आणि खन्नांनी राजीनामा दिला.

त्या काळात किती माणसं आत होती? शहा आयोगाच्या अहवालात मिसाखालचे ३४,९८८ आणि भारत संरक्षण नियमांखालचे ७५,८१८ असे आकडे आहेत. मध्य प्रदेशात आजही अशा लोकांना ‘मीसाबंदी’ म्हणतात आणि सरकार त्यांना लोकतंत्र सेनानी म्हणून सन्माननिधी देतं. मराठी माणसं त्यांत ठायी ठायी होती. मधू लिमये मध्य प्रदेशातल्याच नरसिंहगडच्या तुरुंगात होते. लोकसभेची मुदत वाढवली तेव्हा त्यांनी आणि शरद यादवांनी खासदारकी सोडली. मधू दंडवते बंगळूरला, त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्याला. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गाबाई भागवतही तुरुंगात गेल्या. या नावांचा मान आहेच, पण मला सतावतात ती नावं नसलेली माणसं. पुढाऱ्याच्या अटकेची निदान कुजबुज तरी होते. खेड्यातून उचललेल्या मास्तराच्या बायकोला जिल्ह्याच्या तुरुंगाच्या दारात नुसतं ‘इथं नाही’ म्हणून सांगितलं, की तिच्यासाठी जगातली सगळी कार्यालयं संपत होती. हेबियस कॉर्पस नसणं म्हणजे व्यवहारात हे असतं.

हा निकाल पुढं रद्द झाला, पण किती वर्षांनी ते पाहा. २४ ऑगस्ट २०१७ला, खाजगीपणाच्या हक्कावरच्या पुट्टस्वामी प्रकरणात, नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं तो मोडीत काढला. तसं लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव. मधे ४१ वर्षं गेली. हीच दिरंगाई अमेरिकेतही: १९४२मध्ये तिथल्या सरकारनं जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत कोंबलं, त्यांत बहुतेक अमेरिकी नागरिकच होते. १९४४च्या कोरेमात्सु निकालानं ते योग्य ठरवलं आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला ते चुकीचं म्हणायला २०१८ उजाडलं. आत गेलेल्या माणसाच्या आयुष्यात अशी दुरुस्ती कधीच वेळेवर येत नाही.

आणीबाणीनंतरची एक दुरुस्ती मात्र खरोखर भक्कम आहे. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीनं ठरवलं की आणीबाणीतही अनुच्छेद २० आणि २१ निलंबित करता येणार नाहीत. म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क कुठल्याही राष्ट्रपतींच्या आदेशानं आता बंद होत नाही. त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम होतं: सल्लागार मंडळापुढं न नेता कुणालाही दोन महिन्यांपेक्षा जास्त स्थानबद्ध ठेवू नये, सध्याचे तीन महिने कमी करावेत, आणि मंडळात सेवेत असलेले किंवा निवृत्त न्यायाधीशच असावेत. संसदेनं ते मंजूर केलं. ते अमलात आणण्याची अधिसूचना आजवर निघालेली नाही. कुठल्याही पक्षाच्या सरकारनं काढली नाही. मला ही गोष्ट फार लागते, कारण आणीबाणीत स्वतः आत गेलेली कितीतरी माणसं पुढं सत्तेत बसली.

आज स्थानबद्धता चालते ती प्रामुख्यानं १९८०च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यानं. इकडं वर्तमानपत्रात ‘रासुका’ म्हणून येतो तो हाच. जिल्ह्याचे कलेक्टर आदेश काढू शकतात. राज्य सरकारनं तो १२ दिवसांत मान्य केला नाही तर तो संपतो. कारणं साधारण पाच दिवसांत लेखी द्यावी लागतात. तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढं जातं, मंडळानं धरल्यापासून सात आठवड्यांत अहवाल द्यायचा. मंडळापुढं वकील उभा करण्याचा हक्क नाही. मंडळ ‘पुरेसं कारण नाही’ म्हणालं तर सोडावंच लागतं; नाहीतर कमाल मुदत १२ महिने. साध्या अटकेत मात्र २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढं उभं करावं लागतं आणि वकील गाठता येतो. घरातलं कुणी धरलं गेलं तर पहिला प्रश्न हाच विचारायचा: साधी अटक आहे की रासुका? पुढची सगळी वाट त्यावर ठरते.

आणि कारणं कोणत्या भाषेत द्यायची? हा प्रश्न आपल्यासारख्या तीन-चार बोलींच्या मुलुखात जिव्हाळ्याचा आहे. त्याचं उत्तरही नागपुरातूनच गेलेलं आहे. हरिकिसन नावाच्या माणसाला नागपूरच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांनी स्थानबद्ध केलं. हाती दिलेली कारणं इंग्रजीत, टंकलेली चौदा पानं, तेरा वर्षांचा पाढा त्यात. त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्यानं हिंदी भाषांतर मागितलं. उत्तर मिळालं, पोलिसानं तोंडी समजावलंय. उच्च न्यायालयानं ते चालवून घेतलं. १९६२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, नाही. ज्याला वाचताच येत नाही अशी कारणं दिली म्हणजे ती कळवली असं होत नाही, आणि न कळवलेल्या कारणांना उत्तर तो देणार कसा? हरिकिसन सुटला. बैहरच्या बैगा किंवा गोंड माणसाला, लांजीच्या मराठी बोलणाऱ्या म्हाताऱ्याला, कागद कळेल अशा भाषेत हवा असं म्हणण्याचा अधिकार त्या निकालानं दिला. नोव्हेंबर २०२५मध्ये मिहीर राजेश शाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं साध्या अटकेलाही तो नियम लावला: अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत.

आतापर्यंत सांगितलं ते एकेका माणसाला नाव घेऊन धरण्याचं. मावशीच्या मनातली छावणी वेगळी होती. तिथं माणसाला त्याच्या कृत्यासाठी नेत नाहीत, तो कोण आहे यासाठी नेतात. अशी छावणी मराठी मुलुखात खरोखर होती, आणि ती दोन-चार वर्षांची नव्हती.

१८७१चा गुन्हेगार जमाती कायदा. कैकाडी, टकारी, पारधी अशा जमातींच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. पुढं त्यांना तारेच्या कुंपणात वसवलं. सोलापुरात गिरण्यांच्या शहराला लागून अशी मोठी वसाहत उभी राहिली. आत राहायचं, हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर पास. पोर जन्मलं ते आतच. इथं एखाद्याला सोडवा असा अर्ज करायचा तरी कसा? आदेश त्याच्या नावानं नव्हताच, अख्ख्या जातीच्या नावानं होता. मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ला आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ला गेला, म्हणजे १५ ऑगस्टनंतर पाच वर्षांनी. विमुक्त समाज ३१ ऑगस्टला आपला मुक्तिदिन पाळतो. सोलापुरात त्या भागाला लोक अजूनही ‘सेटलमेंट’च म्हणतात. आणि पारध्याचं पोर गावात दिसलं की आधी संशय त्याच्यावर घ्यायचा, ही खोड आपल्या गावांतून अजून गेलेली नाही. मी स्वतः हे बाजारात पाहिलंय.

आसाममध्ये तिसरी तऱ्हा दिसते. ३१ ऑगस्ट २०१९ला नागरिक नोंदणीची अंतिम यादी आली आणि १९,०६,६५७ लोक त्याबाहेर राहिले. तिथं परदेशी नागरिक न्यायाधिकरणापुढं प्रकरण गेलं की मी इथलाच आहे हे सिद्ध करण्याचा बोजा त्या माणसावर असतो, सरकारवर नाही. बापाच्या नावातलं एक अक्षर, आजीचं वय, लग्नाआधीचं गाव, अशा फरकांवर माणसं अडकली आहेत. आधी त्यांना तुरुंगांतच ठेवत. २०२३पासून गोलपाड्यातल्या मातियाला ३,००० लोकांची वेगळी छावणी सुरू झाली. मे २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षं आत असलेल्यांना हमीवर सोडायला सांगितलं, एप्रिल २०२०मध्ये ती मुदत दोन वर्षांवर आणली. मावशीच्या फोनवरचा व्हिडिओ कुठलाही असो, तिच्या भीतीला नाव द्यायचं तर ते इथलं आहे. म्हणून मी तिला ‘असं काही नसतं’ म्हणालो नाही. म्हणालो, असं घडतं. तुझ्या बाबतीत आज तशी कोणतीही यादी इथं नाही. आणि घडलंच तर विचारणारे आम्ही आहोत.

मग आम्ही दोघं दुपारभर बसलो. दाखल्याच्या, रेशनकार्डाच्या, २००३च्या मतदार यादीतल्या तिच्या नावाच्या पानाच्या दोन-दोन झेरॉक्स काढून आणल्या. आडनावाची तीन वळणं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र वारासिवनीच्या नोटरीकडं करून घ्यायचं ठरलं. मावशीच्या सुनेचे आईवडील गोंदियाच्या यादीत आहेत, त्या पानाची प्रत सुनेच्या भावाला फोन करून मागवली. कागदांचा एक गठ्ठा पेटीत, दुसरा माझ्याकडं बालाघाटला. पेटीच्या झाकणाला आतून मी एक चिठ्ठी चिकटवली आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: फुकट वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००. मावशीनं आकडे दोनदा वाचून घेतले, मग विचारलं, “हा रात्री लागतो का?”

मी तिथूनच लावून पाहिला.